वापसा

देवगाव फाट्यावर तीन वाटा भेटतात. एक मंठ्यावरून जालन्याकडं जाते, दुसरी चारठाण्यावरून जिंतूरकडं, आणि तिसरी सेलूकडं उतरते. बाहेरगावी कुणी गाव विचारलं की मी आधी फाटा सांगतो, मग गाव. आमच्याकडच्या पुष्कळ माणसांचं असंच आहे. गावाची ओळख फाट्यावरून, आणि फाट्याची ओळख तिथं थांबणाऱ्या गाड्यांवरून.

१९९८ च्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ या फाट्यावर जमला. कॉलेज तालुक्याच्या गावी होतं, पण संघातले सात जण फाट्याच्या अवतीभवतीच्या खेड्यांतले. सकाळच्या एसटीनं जायचं, तास करायचे, दुपारच्या गाडीनं परत यायचं. कॉलेजच्या मैदानावर सराव ठेवला की आमची गाडी चुकायची, आणि गाडी चुकली की घरी जनावरांची धार चुकायची. म्हणून क्रीडा संचालक सरांनी सरावच फाट्यावर आणला. रस्त्यापासून शे-दीडशे पावलांवर एक पडीक रान होतं, तीन बाजूंनी बाभळी. मालक एवढंच म्हणाले, "खेळा, पर बांधाला हात लावू नका." दुसऱ्या दिवशी सर एसटीतून पोतंभर फक्की घेऊन उतरले. पोतं खांद्यावर घेऊन ते रानात आले तेव्हा त्यांचा शर्ट, भुवया, मनगटावरचं घड्याळ सगळं पांढरं झालं होतं. सुतळी ताणून आम्ही रेषा आखल्या. काळ्या रानावर ती पांढरी चौकट उमटली आणि कालपर्यंत ज्याला कुणी नाव घेऊन ओळखत नव्हतं ते पडीक एकाएकी मैदान झालं. रात्री पाऊस आला. सकाळी फक्कीचा मागमूस नव्हता. पण आमच्या पायांना चौकट पाठ झाली होती. कुठली बाभूळ म्हणजे कॉर्नर आणि कुठला दगड म्हणजे मध्यरेषा, हे मी आजही डोळे मिटून सांगू शकतो.

गोलपोस्ट चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच लागतो. उभे बांबू मिळाले, पण चोवीस फुटांचा आडवा बांबू काही मिळेना. शेवटी वर कासरा ताणून बांधला. उंच मारलेला चेंडू कासऱ्याला लागला की कासरा थरथरायचा, आणि गोल झाला की नाही हे त्या थरथरण्यावरून ठरायचं.

आम्ही एकमेकांना जागेवरून हाक मारायचो. गोली, लेफ्ट आऊट, सेंटर हाफ. मी राइट बॅक. अजूनही कुणाचा फोन आला तर तो "कोण, बॅक का?" असंच विचारतो. इथंही मी त्यांना त्याच हाकांनी बोलावणार आहे. त्या हाकांमध्ये आमचं सगळं वय राहिलेलं आहे.

आता मातीविषयी सांगायला हवं, कारण आमचा हंगाम मातीनं चालवला.

परभणीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. उन्हाळ्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. पावसात तीच माती पायाला धरते आणि सोडत नाही. बूट घालून दहा पावलं टाकली की तळव्याखाली दुसरा बूट तयार होतो, मातीचा, आणि पाय उचलताना मांडी भरून येते. म्हणून आम्ही बूट काढून ठेवायचो. सरांना त्याचं वाईट वाटायचं नाही. ते सांगायचे की १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी किंवा नुसत्या पट्ट्या बांधून फ्रान्सशी खेळले आणि २–१ असे हरले. त्या सामन्याची तारीख ३१ जुलै. सर थोडं थांबून म्हणायचे, "आपण तेव्हा निजामाच्याच राज्यात होतो. आपली सुटका पुढं दीड महिन्यानं, १७ सप्टेंबरला." पायाला चिखल लागलेल्या पोरांना ऑलिंपिक आणि मुक्तिसंग्राम अशा एकाच दमात सांगणारा शिक्षक मला पुढं कुठं भेटला नाही.

पाऊस उघडतो, वरचं पाणी निथळतं, वारा सुटतो. मग एक दिवस असा येतो की मातीत ओल आहे पण चिखल नाही. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, आणि तो गोळा टाकला तर भुगा होतो. त्याला वापसा म्हणतात. शहरातल्या माणसाला हा शब्द सांगताना मी नेहमी अडखळतो, कारण तो जमिनीचा शब्द असला तरी आमच्याकडं माणसं तो तोंडावर आनंद घेऊन उच्चारतात. "वापसा झाला," असं बाप पहाटे म्हणाला की घर उठून उभं राहतं. कोळपं चालायला वापसा लागतो, खुरपायला लागतो, खत पेरायला लागतो, रब्बी ज्वारी टाकायला लागतो. पावसाळ्यात असे दिवस मोजके असतात. दोन दिवस गेले की ऊन वरची ओल ओढून घेतं, किंवा पुन्हा पाऊस येतो. वापसा थांबत नाही.

आणि फुटबॉललाही वापसाच लागतो. वापशावर चेंडू सरळ पळतो, टप्पा खरा घेतो, पाय धरत नाही. म्हणजे ज्या दिवशी आमचं रान खेळण्याजोगं व्हायचं, नेमक्या त्याच दिवशी घरोघरची रानं कामाजोगी व्हायची. मैदान उत्तम असलं की सरावाला चार जण. मैदानाचा राडा झाला की अकराच्या अकरा, वर दोन राखीव. चांगल्या मैदानावर पूर्ण संघ म्हणून आम्ही त्या हंगामात किती वेळा खेळलो हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील. चिखलात मात्र आम्ही तरबेज झालो. चेंडू कुठं अडकणार, कुठं घसरणार, पाय कुठून उचलायचा, सगळं अंगात मुरलं. लेफ्ट आऊट तर चेंडू पुढं ढकलायचाच नाही. बोटांनी उचलून हवेत ठेवायचा आणि खाली पडायच्या आत पुन्हा उचलायचा. ते बघायला रस्त्यावरचे ट्रकवाले थांबायचे.

कॉलेजचा चेंडू एकच. बाभळीखाली पडलेला काटा हा त्याचा शत्रू. आठवड्यातून एकदा तरी हवा जायची. फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणारे एक चाचा होते. ट्रकचं टायर सोडवणारी त्यांची जाड बोटं चेंडूच्या शिवणीतून ब्लॅडर बाहेर काढताना इतकी जपून चालायची की आम्ही श्वास रोखून बघायचो. पाण्याच्या घमेल्यात ब्लॅडर दाबून धरायचं, बुडबुडा शोधायचा, कानशीनं घासायचं, सोल्युशन लावून फुंकर मारायची, चकती बसवायची, आणि दाभणानं शिवण परत ओढायची. पैसे विचारले की म्हणायचे, "ट्रकवाला देता है ना." सप्टेंबरपर्यंत त्या ब्लॅडरवर सतरा चकत्या झाल्या होत्या. चेंडू जड झाला होता आणि हवेत किंचित डावीकडं झुकायचा. कॉर्नर मारताना आम्ही तो झुकाव हिशोबात धरायला शिकलो होतो.

त्या जुलैत विश्वचषकाची अंतिम लढत आम्ही फाट्यावरच्या हॉटेलात पाहिली. १२ जुलैची रात्र उलटून गेली होती, आपल्याकडं तेरा तारीख लागलेली. मालकानं बाकडी रस्त्यावर मांडली होती आणि टीव्ही काउंटरवर. फ्रान्सनं ब्राझीलला ३–० असं हरवलं. पहिले दोन गोल झिदानचे, दोन्ही कॉर्नरवरून, दोन्ही डोक्यानं. सेंटर हाफ माझ्या शेजारी बसला होता. चारठाण्याकडच्या एका वस्तीवरचा पोरगा, उंच, खांद्यानं रुंद, बोलायला कमी. दुसऱ्या गोलनंतर तो उठून अंधारात गेला. मला वाटलं लघवीला गेला असेल. बघतो तर हॉटेलामागच्या लिंबाखाली एकटाच उड्या मारत होता, फांदीला कपाळ लावायला.

सरांचं बालपण हैदराबादला गेलेलं. फुटबॉल त्यांच्याकडं तिथून आला होता, आणि त्यांच्या बोलण्यात एक नाव पुन:पुन्हा यायचं. सय्यद अब्दुल रहीम. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी घडवला. त्या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. ते भारताच्या संघाचेही प्रशिक्षक. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला, १९६२ ला जकार्त्यात आशियाई सुवर्णपदक, आणि पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कॅन्सरनं गेले. हे सगळं ऐकायला मिळतंच. पण सरांना त्यांच्याविषयी सगळ्यांत जास्त अभिमान वेगळ्याच गोष्टीचा होता. ते शाळामास्तर होते. काचीगुड्याच्या शाळेत शिकवायचे. काचीगुडा म्हणजे आमच्या सेलूवरून मनमाडला जाणाऱ्या रेल्वेचं दुसरं टोक. सर हात लांब करून दाखवायचे, "याच रुळांवर, पलीकडच्या टोकाला." आमच्या जिल्ह्यानं हैदराबाद राज्य सोडलं ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, रहीमसाहेबांच्या संघानं मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव केला, नेव्हिल डिसूझाचे तीन गोल. ज्या मास्तरांवर आमचाही हक्क होता ते नकाशावर एका महिन्यानं आमच्या हातून निसटले, असं मला तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगतो, आजही वाटतं.

रहीमसाहेब पोरांचे सामने लावायचे आणि अट घालायचे की दुबळ्या पायानंच खेळायचं. सरांनी तीच अट आमच्यावर घातली. पंधरा दिवस उजवा पाय बंद. मला ते कधी जमलं नाही. सेंटर हाफनं मात्र मनावर घेतलं. रात्री गोठ्याच्या भिंतीवर तो डाव्या पायानं चिंध्यांचा चेंडू मारत बसायचा. वस्तीवर दुसरा आवाज नाही. बैलांच्या घंटा, आणि धप, धप. त्याचा बाप बाजेवर पडून ते ऐकायचा आणि कधी काही बोलायचा नाही.

आमचं विद्यापीठ नांदेडचं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. १९९४ च्या १७ सप्टेंबरला स्थापन झालेलं, म्हणजे तेव्हा चार वर्षांचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की घरी. ज्यांचा खेळ डोळ्यांत भरतो त्यांची विद्यापीठाच्या संघात निवड होते, ते पश्चिम विभागाच्या सामन्यांना जातात, त्यांना कलरहोल्डर म्हणतात, आणि कलरहोल्डर हा शब्द पोलीस भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराला काय असतो हे सांगायला नको. बाकीच्यांचा हंगाम म्हणजे एक सामना. जूनमध्ये प्रवेश घ्यायचा, पात्रता फॉर्मवर फोटो चिकटवायचा, दहावीच्या सनदेची झेरॉक्स जोडायची, जुलैपासून चिखल तुडवायचा, आणि हे सारं नव्वद मिनिटांसाठी. मला यात त्या वयात अन्याय दिसला नाही. पेरणीही अशीच असते, एका पावसावर.

त्या वर्षी आमचा सामना हिंगोलीला लागला, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. हिंगोली तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होती, वेगळा जिल्हा पुढच्या वर्षी १ मे ला झाला. सामन्याच्या तीन दिवस आधी मोठा पाऊस पडला. मग उघडला. मूग-उडीद निघालेल्या रानांना पाळ्या घालून झाल्या होत्या आणि सगळा मुलूख रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी वापशाची वाट बघत होता. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या रानात माती मुठीत धरली आणि पोटात गोळा आला. वापसा उद्याच होता.

पहाटे पाचला फाट्यावर जमायचं ठरलं होतं. आम्ही दहा जण आणि दोन राखीव. सेंटर हाफ नाही. सर रस्त्याच्या मधोमध उभे राहून चारठाण्याच्या दिशेनं बघत होते. चाचांनी पंपानं चेंडूत हवा भरून दिली, दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि माझ्या हातात ठेवला. त्यांच्या दुकानात दिवा होता, बाकी सगळा अंधार. गाडीचे दिवे मंठ्याकडून दिसू लागले तेव्हा दुसऱ्या बाजूनं, अंधारातून, कुणीतरी पळत येत असल्याचा आवाज आला. तो आला. दमलेला, बूट गळ्यात अडकवलेले. गाडीत बसल्यावर बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत राहिला. उजाडायला लागलं होतं आणि दोन्ही बाजूंच्या रानांत माणसं बैल जुंपत होती. मग तो म्हणाला, "दादा म्हणले, जा. उद्या पेरू."

मी शेतकऱ्याचा पोरगा आहे. बापाच्या त्या तीन शब्दांची किंमत मला गाडीत बसल्या बसल्या कळली. त्या घरात दोनच तिफणीची माणसं होती, बाप आणि तो. बापानं वापशाचा एक दिवस सोडला होता, तोही तीन महिने गोठ्याच्या भिंतीवर चेंडू आपटणाऱ्या पोराला काही न बोलता. जिंतूर येईपर्यंत आमच्यातलं कुणी काही बोललं नाही.

औंढ्याला गाडी थांबली तेव्हा गोलीनं उतरून नागनाथाच्या दिशेनं हात जोडले. हिंगोलीत दसऱ्याची तयारी भरात होती. तिथला दसरा आमच्याकडं जुना आणि नावाजलेला. रामलीला मैदानाकडं पाळण्यांचे सांगाडे उभे राहत होते, दुकानांचे तंबू ठोकले जात होते. आमचा सामना दुसरीकडं होता. आम्ही मैदान पाहिलं आणि एकमेकांकडं पाहिलं. मुरमाचं मैदान. तांबूस, रोलर फिरवलेलं, टणक, कोरडं. पाऊस पडून गेल्याची खूणही नव्हती.

त्या मैदानावर चेंडू आमच्यापेक्षा वेगानं पळत होता. चिखलात आम्ही जे शिकलो होतो त्यातलं निम्मं तिथं उलटं पडलं. लेफ्ट आऊट चेंडू उचलायचा आणि तो त्याच्या अंदाजाच्या हातभर पुढं पडायचा. पहिल्या वीस मिनिटांत एक लांब चेंडू माझ्याकडं आला. आमच्या रानात तो टप्पा घेऊन थांबला असता. इथं टप्पा घेऊन माझ्या डोक्यावरून गेला, आणि मी वळेपर्यंत त्यांच्या फॉरवर्डनं गोलीला चकवलं होतं. सर रेषेबाहेरून ओरडले नाहीत. नुसता हात वर करून खाली आणला, सावकाश, जसं जनावराला थोपटून शांत करतात तसा.

उत्तरार्धात आम्हाला कॉर्नर मिळाला. सामन्याचा चेंडू नवा होता, यजमानांचा, आमच्यासारखा डावीकडं झुकणारा नव्हता. राइट आऊटनं तो तरीही सवयीनं थोडा उजवीकडून मारला आणि चेंडू सगळ्यांच्या मागं, लांबच्या खांबाकडं गेला. तिथं कुणीच नसायला हवं होतं. सेंटर हाफ होता. एवढ्या उंच उडालेला माणूस मी समोरासमोर पहिल्यांदा पाहिला. चेंडू जाळीत गेला आणि तो मुरमावर तोंडावर आपटला, गाल सोलवटला, केसांत सगळी तांबडी धूळ. आम्ही त्याच्या अंगावर पडलो.

शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी दुसरा गोल केला. सरळ, चांगला गोल. २–१. पंचांनी शिट्टी वाजवली आणि आमचा हंगाम संपला.

आमच्या लेफ्ट आऊटची मुलगी आता अमेरिकेत शिकायला आहे, मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला. तिनं तिथल्या विद्यापीठाच्या मैदानाचा व्हिडिओ पाठवला. तिथंही त्या खेळाला फुटबॉलच म्हणतात, पण तो चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. एका कॉलेजच्या सामन्याला एक लाखाहून जास्त माणसं, सगळी एका रंगात. हरलेल्या संघालाही पुढचा शनिवार असतो, हंगामाचे बारा सामने ठरलेले. लेफ्ट आऊटनं मला फोन केला आणि म्हणाला, "बॅक, आपल्याला दुसरा शनिवार मिळाला असता तर?" दोघंही गप्प राहिलो. आपल्या महाराष्ट्रातही अशी गर्दी कुठंच नसते असं नाही. कोल्हापूरला तालमींचे संघ आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, आणि शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. त्या शहराचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या वर्षी मी एका हायस्कूलवर शिक्षक होतो. १५ सप्टेंबरला राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा असा शासनाचा संकल्प होता, आणि आमच्या शाळेतही चेंडू आले. मी सकाळी उठून पहिल्यांदा माती मुठीत धरली. वापसा होता. अर्धी मुलं येणार नाहीत हे मला कळलं. मुली मात्र आल्या, वेण्या वर बांधून, आणि दुपारपर्यंत मैदान सोडेनात. मी फक्कीच्या रेषा स्वतः आखल्या. हात पांढरे झाले ते दिवसभर धुतले नाहीत.

त्या दिवशी सामना हरून हिंगोलीहून आम्ही रात्रीच्या गाडीनं जिंतूरपर्यंत आलो. तिथं स्टँडवर बाकड्यांवर पडलो आणि पहाटेच्या पहिल्या गाडीनं फाट्यावर उतरलो. चाचा जागेच होते. त्यांनी आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि निकाल विचारला नाही. "अपना गोल किसने मारा?" एवढंच विचारलं. सेंटर हाफकडं बोटं गेली. चाचांनी त्याचा सोललेला गाल हनुवटी धरून दिव्याकडं वळवला, पाहिला, आणि सगळ्यांना चहा सांगितला.

चहा संपल्यावर त्यानं बूट गळ्यात अडकवले आणि चारठाण्याचा रस्ता धरला. दहा पावलं गेला असेल. गोली उठला आणि त्याच्या मागं चालू लागला. मग लेफ्ट आऊट. मग मी. कुणी कुणाला चल म्हणालं नाही. फाट्याजवळच्या गावचे दोघं आपापल्या घरी वळले ते बैल सोडून आणायला. आमच्याकडं याला सावड म्हणतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पण त्या पहाटे हा शब्द कुणाच्या ओठावर आला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कासराभर वर आला होता. त्याच्या बापानं एकट्यानंच तिफण जुंपली होती आणि बांधाकडून पहिलं तास धरायच्या तयारीत होता. माती अजून होती. मी मूठ दाबून पाहिली, गोळा झाला, टाकला, फुटला. गोलीला त्यांनी चाड्यावर उभं केलं. कसं धरायचं, बी कसं बोटांतून झिरपू द्यायचं, मूठ किती ढिली ठेवायची, हे सेंटर हाफनं त्याचा हात हातात घेऊन दाखवलं. दोन दिवस झाले होते, आम्ही नीट झोपलो नव्हतो, आणि कुणाच्या चेहऱ्यावर झोप नव्हती.

म्हातारा कासरा हातात घेऊन थांबला. पोराकडं पाहिलं.

"काय झालं?"

"हरलो, दादा."

"हं."

"एक गोल केला म्या."

म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. गोठ्याच्या भिंतीकडं एकदा बघून घेतलं.

"डाव्यानं का उजव्यानं?"

"डोक्यानं."

त्यांनी हात वर केला. पोरगा उंच होता, त्याला वाकावं लागलं. केसांत हिंगोलीचा तांबडा मुरूम अजून तसाच होता. त्यांनी तो बोटांनी झाडला. लाल धूळ काळ्या तासात पडली, आणि त्यांनी बैल हाकले.